तीन फुल्यांचा नकाशा

शांताबाई दुकानात आल्या तेव्हा सकाळची घाई होती. जुन्नरच्या बसस्टँडजवळ आमचं झेरॉक्सचं आणि स्टेशनरीचं दुकान आहे. शाळा-कॉलेजच्या दाखल्यांच्या दिवसांत काउंटरवर हात टेकायला जागा नसते. त्यांनी पिशवीतून घडी घातलेला कागद काढला आणि म्हणाल्या, "भाभी, पाच प्रती काढा." मी कागद काचेवर पालथा ठेवला आणि बटण दाबलं. गिऱ्हाइकाचा कागद वाचायचा नाही, हा माझा नियम आहे. पण प्रती सुलट्या बाहेर पडतात, आणि दुसऱ्या प्रतीवर माझी नजर गेली. मृत्यूचा दाखला होता. नाव यशवंत औटी. शांताबाईंचे यजमान, आमचे औटीभाऊ. जाऊन सोळा दिवस झाले होते.

मी मशीन थांबवलं. आम्हाला कळवलं का नाही, निदान चौकातल्या फळ्यावर तरी नाव यायला हवं होतं, असं काहीतरी बोलून गेले. शांताबाईंनी मशीनकडे बोट केलं, म्हणजे उरलेल्या काढा. मग म्हणाल्या, "फळ्यावर लिवणार कोन? लिवणारे तेच व्हते."

खरं होतं. पंधरा-वीस वर्षं गावातला प्रत्येक मृत्यू त्या फळ्यावर औटीभाऊंच्या अक्षरात लिहिला गेला. शाळेची प्रशस्तिपत्रकं, लग्नपत्रिकांवरची नावं, यात्रेचे बोर्ड, सगळं त्यांच्याच हातचं. सरळ, ठाम, जरा उजवीकडे कललेलं अक्षर. 'ळ'ची शेपटी अशी वळवत की लांबून कळावं. स्वतःचा मजकूर मात्र त्यांना लिहिता येणार नव्हता आणि दुसऱ्या कोणाला सुचलं नाही. शांताबाई गेल्यावर मी खडू घेऊन चौकात गेले आणि माझ्या वाकड्या अक्षरात त्यांचं नाव लिहिलं. सोळा दिवस उशिरा. दोघांनी विचारलं, कोण हे औटी? तिसऱ्याने सांगितलं, "आरं तो, तळं फुटणार म्हनला व्हता तो." आणि तिघेही हसले.

त्या हसण्यासाठी हा लेख.

औटीभाऊ मूळचे पिंपळवंडीचे. तळी आणि बंधारे बघणाऱ्या एका सरकारी ऑफिसात ते ट्रेसर होते. साहेबाने पेन्सिलीने काढलेल्या नकाशावर तेलकट पातळ कागद ठेवायचा आणि शाईने गिरवायचा, हे ट्रेसरचं काम. रेघ चुकली तर ब्लेडने खरवडायची. स्वतःच्या मनाची एक रेघही घालायची नाही. पहिल्यांदा ते दुकानात आले ते आमच्या बोर्डाची तक्रार घेऊनच. "भाभी, तुमच्या पेंटरनं 'स्टेशनरी'तला 'न' पाडलाय बघा, उभा करा त्याला." तेव्हापासून त्यांचं येणं-जाणं सुरू झालं. चहा घेत, कागदाच्या रिमा उगाच बोटाने चाचपून बघत आणि जाताना पेन्सिलींचा डबा सरळ लावून जात. माझ्या याद्यांची त्यांना फार मौज वाटे. मी खराब निघालेली प्रत कधी टाकत नाही. पाठकोऱ्या कागदांच्या वह्या शिवते आणि त्यावर याद्या करते. कंपासपेट्या किती मागवायच्या, कोणाची पुस्तकं यायची आहेत, पाहुण्यांना काय द्यायचं. ते म्हणायचे, "तुमच्या घरात मुंगी आली तरी तिची नोंद व्हत असंल."

नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. आण्याच्या पठाराच्या बाजूला डोंगरउतारावर एक तळं आहे आणि त्याच्या भरावाखाली एक गाव. गावाचं नाव लिहीत नाही. गाव तक्रारखोर आहे. उन्हाळ्यात साहेबांनी तळ्याची पाहणी केली. भराव तीन ठिकाणी खचला होता. नकाशावर तीन फुल्या मारून साहेबांनी कोपऱ्यात शेरा लिहिला की दुरुस्ती होईपर्यंत पावसाळ्यात खालची वस्ती हलवावी. खाली सही केली. आणि मग वरून कोणाचा तरी निरोप आला असावा, कारण आठवड्याच्या आत त्या नकाशावर 'गोपनीय' असा शिक्का पडला आणि तो कपाटात गेला. लोक घाबरतील, हे कारण. ज्यांच्या डोक्यावर पाणी उभं राहणार होतं त्यांनी घाबरू नये म्हणून त्यांना सांगायचंच नाही, अशी ही काळजी.

जूनच्या तोंडावर, भर दुपारी, औटीभाऊ गुंडाळलेला नकाशा वर्तमानपत्रात लपेटून दुकानात आले. चारच्या आत तो कपाटात परत जायला हवा होता. नकाशा टेबलाएवढा मोठा, माझ्या मशीनची काच फुलस्केपएवढी. मी म्हटलं, निदान सहीचा कोपरा तरी काचेवर ठेवू. ठेवला. पण ऑफिसातला नकाशा म्हणजे निळ्या रंगाची प्रिंट, आणि माझं मशीन जुनं. प्रत काळीकुट्ट बाहेर आली. मी ती पाठकोऱ्यांच्या गठ्ठ्यात टाकली. औटीभाऊ मागच्या खोलीत रिमांवर पाट ठेवून बसले आणि दोन तासांत त्यांनी तो नकाशा लहान करून हाताने काढला. भराव, तीन फुल्या, खालची घरं, प्रत्येक घरावर मालकाचं नाव, आणि कोपऱ्यात साहेबांचा शेरा जसाच्या तसा. फक्त सही नाही.

सही का नाही, असं मी विचारलं. ते म्हणाले, "दुसऱ्याची सही मी कशी काडू? ती खोटी व्हईल."

मग मी दुसरी गोष्ट सांगितली, जी कोणीही सांगितली असती. हे अक्षर शेंबडं पोरसुद्धा ओळखेल. डाव्या हाताने लिहा, वाकडं लिहा. त्यांनी खरंच एक ओळ वाकडी लिहून बघितली, तिच्याकडे पाहिलं आणि ब्लेडने खरवडून टाकली. "वाकडं काडलं तर लोक खरं मानायचे नाय, भाभी."

मी एकतीस प्रती काढल्या. एक गावच्या सरपंचांना, एक वर्तमानपत्राला, बाकीच्या नकाशात नावं होती त्या घरांना. कोणाला कोणती द्यायची याची यादी मीच केली.

पुढचं सगळं भराभर झालं. सरपंचांनी कृती समिती काढली, मोर्चा आणला, ऑफिसच्या पायरीवर उभं राहून जनतेला माहिती मिळालीच पाहिजे म्हणून भाषण केलं. भाषण चांगलं झालं असं सगळे म्हणाले. वर्तमानपत्रात दोन आठवडे पत्रांचा वाद रंगला. सरकारी कागद बाहेर काढणं देशहिताचं की देशद्रोहाचं, नोकराची निष्ठा कोणाशी, गुपित म्हणजे काय. शिकल्या-सवरल्या माणसांनी कॉलम भरभरून लिहिलं. भराव खचलाय का, हा प्रश्न त्यांतल्या एकालाही पडला नाही. आणि ऑफिसात साहेबांनी नकाशा हातात घेतला, 'ळ'ची शेपटी बघितली आणि औटीभाऊंना बोलावून घेतलं.

ऑफिसचं म्हणणं असं की असा काही नकाशा, असा काही शेरा नव्हताच. औटी नावाच्या ट्रेसरने स्वतःच्या डोक्याने काढलेलं ते चित्र आहे. त्यावर सही कुठे आहे? घबराट पसरवण्यासाठी खोटा नकाशा तयार केला, हा आरोप. चौकशी अधिकारी माझ्याकडेही आले. गोड बोलणारे गृहस्थ होते. प्रती इथे काढल्या का, मूळ कागद तुम्ही पाहिलात का, असं विचारलं. मी सांगितलं, दिवसभरात इतके कागद काचेवरून जातात, मी वाचत नाही. नियम म्हणून खरं होतं, उत्तर म्हणून साफ खोटं. साहेबांची सही मी माझ्या डोळ्यांनी पाहिली होती... मला दुकान चालवायचं होतं. सरपंचांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, कागद कोणीतरी दारात टाकून गेलं. एकतीस माणसांपैकी एकानेही सांगितलं नाही की हा कागद आमच्यासाठी होता आणि आम्हाला हवा होता. गप्प बसणाऱ्यांची यादी करायची झाली तर पहिलं नाव मी माझं घालते; पण बाकीची एकतीस मी विसरलेले नाही.

औटीभाऊंना घरी बसवलं. दरम्यान पाऊस लागला, आणि खालची घरं तीन आठवडे वरच्या शाळेत राहायला गेली. खोट्या नकाशावर विश्वास ठेवून. त्याच तीन आठवड्यांत ऑफिसने यंत्रं आणली, तीन ठिकाणी भराव उकरला, भरला आणि वरून नवे दगड बसवले. नेहमीची देखभाल, असं सांगण्यात आलं. बरोबर त्या तीन फुल्यांच्या जागी. आजही त्या दगडांचा रंग वेगळा दिसतो. गावाची गुरं रोज त्यावरून वर चरायला जातात, मागून माणसं जातात. सगळ्यांना दिसतं.

तळं फुटलं नाही. औटीभाऊंचं नशीब तिथे फुटलं. पाऊस उघडला, लोक खाली आले आणि म्हणायला लागले, फुटलं कुठं? त्यात लग्नाचा मोसम आला. सोयरीक बघायला येणाऱ्या पाहुण्यांच्या खिशात माझ्या दुकानातली प्रत निघायची. नकाशावर नाव असलेल्या घरात मुलगी द्यायला कोणी तयार होईना. सरपंचांच्या मुलीचं ठरलेलं लग्नही मोडलं. मुलाकडचे म्हणाले, पहिल्या बाळंतपणाला पोरीला कुठं धाडायचं, तळ्याखाली? वाईट झालं, ते मी नाकारत नाही. पण राग कोणावर? भराव खचू देणाऱ्यावर नाही, लपवणाऱ्यावर नाही. सांगणाऱ्यावर. मोर्चात पुढे असलेली माणसं स्टँडवर औटीभाऊ दिसले की लांबून हाक मारायची, "काय औटी, लई दिस झालं, कवा फुटतंय?" औटीभाऊ थांबत आणि दर वेळी तेच सांगत की दुरुस्त केलं म्हणून फुटलं नाही. त्यावर आणखी हसू. आपण खरे होतो हे सिद्ध व्हायला गाव वाहून जायला हवं होतं, आणि त्यांनी तर ते होऊ दिलं नव्हतं.

वर्षभराने त्यांना कामावर घेतलं, पण नकाशांजवळ फिरकू दिलं नाही. जुन्या कागदांच्या खोलीत बसवलं. एक समज देऊन ठेवली होती की नकाशा खोटा होता एवढं लिहून दिलं तर प्रकरण मिटेल. त्यांनी लिहून दिलं नाही. निवृत्त होईपर्यंत त्यांची मागणी एकच होती, उलट बाजूची. नकाशा खरा होता, एवढी एक ओळ ऑफिसने लिहून द्यावी. बाकी काही नको.

मग माहितीच्या अधिकाराचा कायदा आला. आमच्या दुकानात अर्जदारांची रांग लागली. शेजाऱ्याच्या बांधकामापासून मास्तरच्या रजेपर्यंत सगळी माहिती लोकांना हवी होती. औटीभाऊंनीही अर्ज केला, एक प्रश्न, एक पान. महिन्याने उत्तर आलं, सदर अभिलेख आढळून येत नाही. ज्या खोलीत ते वर्षानुवर्षं बसले होते, त्याच खोलीतून आलेलं उत्तर. ते वाचून म्हणाले, "आढळत नाय हे खरंय. मी समदी खोली तीनदा लावली." आणि माझे पेन्सिलींचे डबे सरळ करत बसले.

त्याच सुमारास माजी सरपंचांनी पारदर्शक कारभारावर परिसंवाद भरवला. कापडी फलक औटीभाऊंकडून लिहून घेतला, कारण दुसऱ्या कोणाचं अक्षर इतकं चांगलं नव्हतं. ते शेवटच्या रांगेत बसले होते. मी शेजारी होते. माजी सरपंच त्या फलकाखाली उभं राहून म्हणाले की माहिती योग्य मार्गाने आली पाहिजे, काही उतावळ्या लोकांनी पूर्वी समाजाचं नुकसान केलं आहे. टाळ्या पडल्या. औटीभाऊ माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "फलक डावीकडं झुकलाय बघा. खिळा नीट नाय मारला."

फळ्यावर नाव लागल्यावर मग एकदाची शोकसभा झाली. माजी सरपंचच बोलले. औटी भाबडा होता, लोकांना भीती घातली पण मनात वाईट नव्हतं, असा त्यांनी मोठ्या मनाने निर्वाळा दिला.

मी घरी आले आणि माळ्यावरच्या पाठकोऱ्या वह्यांची ट्रंक खाली काढली. त्यांच्या हातच्या नकाशाची एखादी खराब प्रत राहिली असेल, एवढ्याच आशेने. ती सापडली. आणि तिच्या दोन पानं पुढे एक काळाकुट्ट कागद सापडला. मागे माझी यादी: दौती, खडू, कंपासपेट्या, राख्या. कागद खिडकीशी धरला. काळ्यात आणखी काळी अक्षरं दिसायला लागली. वस्ती हलवावी... आणि खाली, पूर्ण, सही.

ते हयात असताना ही ट्रंक मी उघडली नाही. खराब निघालेली प्रत, म्हणून पुन्हा पाहिलीच नाही. मुंगीची नोंद ठेवणारी बाई मी. ती एक ओळ माझ्या माळ्यावर, राख्यांच्या मागे, पडून होती.

आता दोन्ही कागद दुकानाच्या काउंटरवर, काचेखाली आहेत. शेजारी चिठ्ठी लावली आहे की ज्याला हवी त्याने प्रत मागावी. शांताबाईंनी पहिली नेली. दुसरी अजून कोणी मागितलेली नाही. गेल्या आठवड्यात माजी सरपंच कसल्याशा अर्जाच्या प्रती काढायला आले. वाट बघताना त्यांनी खाली पाहिलं. बराच वेळ पाहिलं. म्हणाले, "भाभी, झालं गेलं. आता कशाला हे?" मी म्हटलं, भरावाकडून तिसरं घर तुमचं आहे बघा. हातातली जाडजूड फाईल त्यांनी काचेवर नकाशाच्या बरोबर वर ठेवली आणि तिच्यावर कोपर टेकून उभे राहिले.

मी त्यांच्या प्रती काढल्या, टाचणी मारली आणि पुढे केल्या. जायचं तर फाईल उचलावी लागणारच होती.