मुलाला बापाची नोकरी लागली

दोस्तांनो, आज सुपेल्याच्या कंप्युटर सेंटरात मराठी मंडळाची सदस्य-यादी पायथन या कंप्युटरच्या भाषेत करून राहिलो होतो. मुलाच्या नावात बापाचं नाव लागतंच, म्हणून 'मुलगा' हा क्लास, म्हणजे माहितीचा साचा, 'वडील' क्लासचा वारस केला. मधेच चहाला गेलो, तपासायचं राहिलं. एरर एकही नाही, पण नावासोबत बापाची नोकरीही मुलाले आली.

यादीची प्रिंट पाहायला आलेले देशमुखकाका म्हणाले, "कावून रे, आमचा सुनील प्लांटात क्लार्क कधी झाला? चार वर्षांपासून घरीच बसून आहे."

मग 'मुलगा' आणि 'वडील' हे दोन्ही क्लास एका 'सदस्य' क्लासचे वारस केले, वडिलांचं फक्त नाव मुलाच्या माहितीत ठेवलं. सुनीलच्या नोकरीचा रकाना कोरा झाला.

काका हळूच म्हणाले, "ते पहिलेवाली प्रिंट मले दे. त्याच्या आईले दाखवतो, हसेल तरी."

दिली मी. तुम्ही दिली असती का?