काही ऱ्हायनं का?

गावाला निघताना माझी बायको तीन वेळा खोलीत मागे जायची. एकदा स्टो बघायला, एकदा नळ बघायला आणि एकदा नुसतीच. मी बाहेर पिशव्या धरून ओरडायचो, "अगं, गाडी जाईल!" ती उंबऱ्यावर उभी राहून सगळ्या खोलीवरून नजर फिरवायची आणि मलाच विचारायची, "काही ऱ्हायनं का?" म्हणजे काही राहिलं का. आमची घरची बोली अहिराणी. बाकीचं मी इथे सरळ मराठीत लिहितो, पण हा प्रश्न तिच्या तोंडचा आहे तसाच ठेवतो.

हाच प्रश्न ती रोज संध्याकाळी ताट वाढतानाही विचारायची. तेव्हा तिला पिशव्यांचं काही नसायचं. आज कोणाला लागेल असं बोललात का, कोणाशी खोटं वागलात का, कोणाची माफी मागायची राहिली का, ते आत्ता सांगा, मग जेवा. कारण प्रभू येशू परत येणार, आणि कधी येणार ते कोणालाच सांगून ठेवलेलं नाही.

"तो दारात उभा राहिला म्हणजे काय म्हणाल? थांबा हो जरा, शेजाऱ्याची माफी मागून येतो?"

मी म्हणायचो, "आधी भाकरी तर वाढ."

"भाकरी कुठे पळून जात नाही."

चाळीतल्या नळाला पाणी येतं तसं ती प्रभूच्या येण्याबद्दल बोलायची. येणार हे नक्की, वेळ नक्की नाही, म्हणून हंडे आधीच घासून ठेवायचे. भीती वगैरे काही नाही. मला मात्र भीती वाटायची. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, मला देवाचा न्याय म्हटलं की मास्तरची छडी दिसायची.

तिला जाऊन आठ महिने झाले. आता ताट मीच वाढून घेतो आणि कोणी काही विचारत नाही. म्हणून हे लिहायला बसलो.

नव्वद सालाच्या सुमारास आम्ही सुरतेत आलो. पर्वत पाटिया भागाच्या पलीकडे चाळीत एक खोली. मी लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कारागीर. सुरतेत लूमच्या कारखान्याला खातं म्हणतात. आमच्या खात्यात सकाळी सात ते संध्याकाळी सात एक पाळी, आणि सात ते सात दुसरी. मशीन बंद होत नाही, माणूस बदलतो. घरी बायको साड्यांचे लोंबणारे धागे कापायची. पोरबाळ आम्हाला झालं नाही. खोलीत कायम रंगीत धाग्यांचा गुंता पडलेला असायचा, माझ्या चहातसुद्धा निघायचा. तेव्हा मी वैतागायचो. आता चहात काही निघत नाही.

आमच्या भागाला वीज बंद असायची तो दिवस खात्याला सुट्टी, म्हणून आमचा रविवार आठवड्याच्या मधेच यायचा. संध्याकाळी पाळकसाहेबांच्या, म्हणजे आमच्या पाद्र्यांच्या खोलीत सतरंजी टाकून आम्ही दहा-बारा घरं प्रार्थनासभेला जमायचो. खंजिरी, ढोलकी, शेवटी आल्याचा चहा. अर्धे लोक लूमच्या आवाजाने कानांनी अधू झालेले, त्यामुळे आमची भजनं गल्लीच्या टोकापर्यंत जायची. थंडीत कोणीतरी तापीच्या काठावरून पोंक, म्हणजे तिकडचा ज्वारीचा हुरडा, आणायचा. बायको मूठभर चघळून म्हणायची, "आपला हुरडा बरा." दर वर्षी हेच म्हणायची आणि सगळ्यांत जास्त पोंक तीच खायची.

माझ्या मशीनवर दुसऱ्या पाळीला माझा जोडीदार यायचा. खानदेशचाच, शिरपूरकडचा, हिंदू माणूस. बोलायला तिखट, हाताला एकदम साफ. सातला आत शिरला की मला मोठ्याने विचारायचा, "उना का तुना साहेब?" आला का तुझा साहेब. म्हणजे येशू. मी म्हणायचो, अजून नाही. मग तो, "बरंय. आला की माझी पाळी पण त्यालाच करायला सांग. मी झोपतो." सात-आठ वर्षं रोज हेच, आणि रोज आम्ही हसायचो. माझी बायको त्याला भाऊ म्हणायची, तो तिला वहिनी.

पाळी बदलताना एक रीत होती. मशीनवर कापड जिथपर्यंत विणून झालंय तिथे आपण खडूने खूण करायची आणि आपला नंबर टाकायचा. खुणेच्या अलीकडचं माझं, पलीकडचं जोडीदाराचं. पुढे ताका, म्हणजे कापडाचा तागा, कापून तपासायला गेला आणि काही डाग निघाला, की शेठ खूण बघायचा. खूण म्हणेल तो दोषी.

नव्वदची वर्षं संपत आली तेव्हा आमच्याकडे बाहेरगावचा एक उपदेशक आला. त्याने सांगितलं, दोन हजार साल उजाडणार नाही, प्रभू त्याच्या आधी येणार. दिवसातून तीनदा, हातात काम असेल तिथेच डोळे मिटून उभे राहा, म्हणजे तो आला तर प्रार्थनेत सापडाल. आमच्यातले बरेच जण घाबरले. मी तर सगळ्यांत जास्त. बायको घरी येताना म्हणाली, "तारीख प्रभूने कोणाला सांगितली नाही, मग याला कोणी सांगितली? मी धागे कापताना सापडले तरी चालेल, फक्त नीट कापलेले असावेत."

मी तिचं ऐकलं नाही. संध्याकाळी पाळी संपायला पाव तास असताना मशीनपुढे उभा राहून डोळे मिटायला लागलो. चालू लूमपुढे डोळे मिटणारा गाढव मीच. चौथ्या की पाचव्या दिवशी डोळे उघडले तर ताण्याच्या तारा, म्हणजे उभे धागे, तुटून शेजारच्या तारांत गुंतल्या होत्या आणि वीतभर कापडात कोळ्याच्या जाळ्यासारखी भोकं विणली गेली होती. मशीन थांबवलं, तारा जोडल्या. पण विणलं ते विणलं. त्याच महिन्यात शेठने सांगून ठेवलं होतं, असा डाग ज्याचा निघेल त्याने घरी जायचं.

सात वाजत आले होते. मी खडू घेतला आणि खूण जाळ्याच्या मागे केली. म्हणजे जाळं जोडीदाराच्या बाजूला गेलं. नंबरही टाकला. दोन मिनिटांपूर्वी मी प्रार्थना करत होतो.

जोडीदार आला. "उना का तुना साहेब?"

"अजून नाही," मी म्हणालो आणि चपला घालून निघालो. त्याने कापड बघितलं नाही. माझ्यावर विश्वास होता, मशीन सुरू केलं.

घरी बायकोने ताट वाढलं. "काही ऱ्हायनं का?"

"नाही."

दोन दिवसांनी ताका कापला. शेठने जोडीदाराला बोलावून त्याच्यापुढे जाळं पसरलं. तो म्हणाला, हे माझं नाही. शेठने खडूच्या खुणेवर बोट ठेवलं. हिशेब करून त्याला काढून टाकलं. हे सगळं मी माझ्या मशीनपुढून बघत होतो. तो बाहेर जाताना माझ्यापाशी थांबला. मी तुटलेली तार शोधत असल्यासारखा वाकलो. तार तुटलेली नव्हती.

ती संध्याकाळ आणि त्याच्या पुढची, बायकोने विचारलं आणि मी नाही म्हणालो. तिसऱ्या संध्याकाळी आम्ही जेवायला बसणार तोच जोडीदार दारात. खांद्यावर दगडी पाटा, हातात वरवंटा. घामाने निथळत होता.

"वहिनी, हा ठेवून घ्या. उद्या दुपारच्या गाडीने आम्ही गावी चाललो, सगळं बिऱ्हाड घेऊन. पाटा कुठे वाहू? तुमचा साहेब येईपर्यंत वाटण वाटा."

बायको हसली, मग हसणं थांबवून म्हणाली, "चालले? का हो भाऊ?"

"काम सुटलं." एवढं बोलून तो उभाच राहिला. माझ्याकडे बघत होता. पाणी प्यायला. पुन्हा उभा राहिला. मी म्हणालो, "गाडीला गर्दी असेल." यापेक्षा वाईट वाक्य मी आयुष्यात बोललेलो नाही. तो गेला.

बायकोने पाटा भिंतीला लावला, ताट वाढलं. आणि विचारलं.

मी रडायला लागलो. सगळं सांगितलं. ती चिडेल असं वाटलं होतं. तिने माझ्या पुढचं ताट उचललं आणि त्यावर दुसरं ताट झाकलं.

"हे मी झाकून ठेवते. तुमचं राहिलेलं उरकून या, मग जेवा."

"काम जाईल."

"जाईल."

"खायचं काय?"

"धागे," ती म्हणाली. "मी कापते, तुम्ही पण कापा. प्रभू आला तर दोघं कापताना सापडू. पण दुसऱ्याच्या अंगावर आपली खूण टाकून मी त्याच्यापुढे उभी राहणार नाही."

सकाळी सातला मी शेठपुढे जाऊन उभा राहिलो. शेठ गुजराती माणूस, हिंदीत बोलायचा. सगळं ऐकून म्हणाला, "आँख बंद करके मशीन चलाता है? तेरा भगवान छुट्टी के दिन नहीं आ सकता?" मग त्याने हिशेबाची वही मिटली. शेवटी म्हणाला, "उसको बोल, वापस आ जाए. और तू मत आना."

मी सायकल घेतली आणि जोडीदाराच्या खोलीवर गेलो. कुलूप. तसाच उधना स्टेशनला. फलाटावर तो, त्याची बायको आणि दोन पोरी बोचक्यांवर बसलेल्या. मला बघून तो उठला नाही. मी उभ्या उभ्या सांगितलं: डोळे मिटले होते, जाळं माझं, खूण मी मागे केली, शेठला सांगून आलोय, तुला परत बोलावलंय.

तो म्हणाला, "मला माहीत होतं."

"कधीपासून?"

"शेठने पसरलं तेव्हापासून. स्वतःच्या हाताचं कापड माणूस ओळखत नाही का?"

"मग माझं नाव का नाही सांगितलंस?"

"मी सांगून काय उपयोग? तुझ्या तोंडून यायला पाहिजे होतं. गाडीत पाटा मावत नाही असं वाटलं का तुला? एवढी बोचकी मावतात. दगड खांद्यावर घेऊन तुझ्या दारात आलो ते कशाला? म्हटलं, आता तरी बोलेल." मग नाक पुसून म्हणाला, "तुम्ही लोक त्याची वाट बघता. मी तीन दिवस तुझी बघितली."

मी त्याचे पाय धरायला वाकलो. तो मागे सरकला. "पोरी बघतात. उठ."

भुसावळची गाडी आली. मी म्हणालो, चल ना परत. तो म्हणाला, त्या शेठकडे आता नाही. मी बोचकी चढवून दिली. मग पाटा आठवला. "पाटा आणून देऊ का? सायकलवर जातो आणि—" गाडी सुटत होती. तो दारातून ओरडला, "राहू दे! परत येईन तेव्हा नेईन!" आणि हसला. ते हसणं मी त्या दिवशी घरी घेऊन आलो. झाकलेलं ताट बायकोने उघडलं. भाकरी वाळून कडक झाली होती. पाण्यात भिजवून खाल्ली. इतकी गोड भाकरी मी परत खाल्ली नाही.

दोन हजार साल उजाडलं. उपदेशक परत आला नाही. मला सुरतेजवळ इच्छापोरला ठेकेदाराकडे गोण्या उचलायचं काम मिळालं, तेच पुढे सुटेपर्यंत केलं. पण त्या दिवसापासून माझी भीती गेली. छडीवाला मास्तर गेला. वाट बघणं म्हणजे काय ते मला सभेत कळलं नव्हतं, फलाटावर कळलं. कोणीतरी आपल्यासाठी दगड खांद्यावर घेऊन दारापर्यंत येतो आणि आपण तोंड उघडावं म्हणून वाट बघत उभा राहतो.

जोडीदार सुरतेला परत आला नाही. पाटा आमच्या खाटेखाली गोणपाटात राहिला. बायको तो फक्त नाताळाच्या मसाल्याला काढायची. त्यानंतर टाकीवाली बाई गल्लीत आली की तिच्याकडून त्याला टाकी लावून घ्यायची, खडबडीत करून परत गुंडाळून ठेवायची. मी म्हणायचो, एवढं कशाला? ती म्हणायची, "भाऊ कधी येईल सांगता येतं का? जसा दिला तसा हातात द्यायला हवा." माझा सदरा फाटलेला असायचा आणि टाकी मात्र दर वर्षी लागायची. मी चिडायचो. आता वाटतं, तिचं सगळं आयुष्यच त्या पाट्यासारखं होतं. वापरलेलं, आणि परत द्यायला तयार.

शेवटच्या आठवड्यात ती खाटेवरून उठत नव्हती. इतकी वर्षं तिनेच मला विचारलं, मी तिला कधी विचारलं नव्हतं. एका दुपारी पेज भरवताना विचारलं, "काही ऱ्हायनं का?"

तिने डोळे मिटले. मला वाटलं, झोपली.

"पाटा," ती म्हणाली.

आठ महिने मी तो हलवला नाही. खरं कारण सांगतो. खाटेखाली तो होता तोवर तिचं काहीतरी राहिलेलं होतं, म्हणजे तीही थोडी राहिलेली होती. रोज प्रार्थनेत म्हणायचो, प्रभू, लवकर ये. त्याच्यासाठी नाही म्हणायचो. तिला बघायला मिळेल म्हणून म्हणायचो. तो समजून घेईल. पण गेल्या आठवड्यात ताट वाढून घेतलं आणि स्वतःलाच मोठ्याने विचारलं, काही ऱ्हायनं का? ताट झाकून ठेवलं.

सभेतल्या एकाची बहीण शिरपूरकडे दिली आहे. तिच्याकडून फोन नंबर मिळाला. तिकडे आधी कोणी बाई बोलली, मग बराच वेळ खुडबुड, मग एक म्हातारा आवाज. दोघांचेही कान लूमने खाल्लेले, त्यामुळे आम्ही ओरडत होतो आणि सगळी चाळ ऐकत होती. मी कोण ते सांगितलं. मग तिकडून आलं, "उना का तुना साहेब?"

"अजून नाही," मी ओरडलो. "पण मी येतोय. पाटा घेऊन. वहिनीने सांगितलंय."

"वहिनी कशी आहे?"

मी सांगितलं. त्याने तिकडे घरातल्यांना ओरडून सांगितलं, वहिनी गेली.

"उद्याच्या गाडीने निघतो," मी म्हणालो.

"ये," तो म्हणाला. "तुझ्या साहेबाच्या आधी ये."