टिपणिसांच्या हॉलमधला समुद्र

टिपणिसांच्या घरात मासा आला की पिशवीतून थेट ओट्यावर जायचा. उत्तराबाई त्याचे कल्ले उचलून बघायच्या आणि मग त्याचं कालवण करायचं की तो तव्यावर टाकायचा, एवढाच प्रश्न शिल्लक राहायचा. त्यामुळे प्रभाकर टिपणिसांनी सत्तरीच्या उंबरठ्यावर नौपाड्यातल्या आपल्या हॉलमध्ये काचेची टाकी आणून ठेवली आणि "यात जे मासे येतील ते खायचे नाहीत" असं जाहीर केलं, तेव्हा मजल्यावर काही दिवस दुसरा विषय नव्हता.

"अहो प्रभाकरराव," शेजारच्या चित्राताई दारातूनच म्हणाल्या, "टाकी कशाला? फ्रीज आहे की घरात!"

प्रभाकर नुसते हसले. त्यांनी जन्मभर नाटकांचे दिवे सांभाळले होते. जाहिरातीत नावं नटांची असायची आणि हा माणूस विंगेतल्या अंधारात स्टुलावर बसून डिमरच्या पट्ट्या वरखाली करत असायचा. नायिकेचा हुंदका कोणत्या वाक्यावर फुटतो आणि त्याआधी निळा उजेड किती हलक्या हाताने चढवायचा, हे त्यांच्या बोटांना पाठ होतं. एखादा नट वाक्य विसरला, तर प्रेक्षकांच्या ध्यानात यायच्या आत प्रभाकर उजेड दुसऱ्या नटावर सरकवत आणि पहिल्याला अंधारात श्वास घ्यायला जागा करून देत. किती मोठमोठ्यांची अब्रू त्या बोटांनी झाकली होती! पण त्याबद्दल त्यांनी चारचौघांत कधी चकार शब्द काढला नाही.

पुढे संगणकावर चालणारे दिवे आले, दौरे थांबले, मुलगी उर्वी लग्न होऊन बंगळूरला गेली. प्रभाकर खिडकीशी खुर्ची घेऊन बसू लागले. वर्तमानपत्र दोनदा वाचायचं, गॅलरीतल्या जास्वंदीची वाळकी पानं काढायची, जेवायचं, पडायचं. एकदा ते जुन्या मित्राला भेटायला डोंबिवलीला गेले, तेव्हा स्टेशनजवळच्या गल्लीत एका दुकानाच्या काचेआड त्यांना निळा उजेड दिसला. त्या उजेडात प्रवाळं डुलत होती. हिरवी, जांभळी, बोटांसारखी, बटणांसारखी. कुणीतरी फार जाणत्या हाताने प्रवेश उजळवावा आणि नट नुसते श्वास घेत उभे असावेत, असं ते दिसत होतं. प्रभाकर आत शिरले ते मित्राकडे जायचं विसरूनच गेले.

दुकानदार प्रितम तिशीतला, बोलघेवडा. "काका, गोड्या पाण्यातले घ्या ना, सोपं पडेल. खाऱ्या पाण्यात जाम पेशन्स लागतो."

"मासा यायच्या आधी तालमी किती?"

"तालमी?" प्रितम बुचकळ्यात पडला. "दीड-दोन महिने नुसते दगड आणि पाणी. घाण पचवणारे जिवाणू आधी तयार व्हायला लागतात. घाई केली की मेलं सगळं."

"मग बरोबर आहे," प्रभाकर समाधानाने म्हणाले. "चांगलं नाटकही तेवढा वेळ घेतंच."

टाकीसाठी हॉलमधलं शोकेस हलवावं लागलं. उत्तराबाईंनी त्यातली भांडी मुकाट्याने आवरली आणि शेवटी म्हणाल्या, "पहिली सवत तुम्हाला संध्याकाळची घेऊन जायची. ही तर घरातच येऊन बसली."

प्रभाकरांनी ते हसण्यावारी नेलं, पण बोलणं त्यांच्या मनाला लागलं. कारण ते खरं होतं. उर्वीचा गोवर, उर्वीच्या परीक्षा, सासूबाईंचं आजारपण, सगळं उत्तराने एकटीने काढलं, आणि प्रभाकर त्या वेळी कुठे सांगलीला नाहीतर नागपूरला असायचे. सुरुवातीला ती प्रयोगांना यायची. मग येईनाशी झाली. तिला आपल्या उजेडासमोर बसवायचं आणि तिने "छान झालंय हो" म्हणायचं, एवढंच एक या माणसाचं राहून गेलं होतं. ही टाकी त्यासाठी होती. पण हे त्यांनी प्रितमला सांगितलं नाही आणि उत्तराला तर नाहीच.

काही आठवडे टाकीत नुसते दगड होते. "दगड जेवले का?" उत्तराबाई पोळ्या लाटता लाटता विचारायच्या. पुढे गोगलगाई आल्या, पांढऱ्या पट्ट्यांची केशरी माशांची जोडी आली, बटणांसारखी हिरवी प्रवाळं आली, एक मऊ जांभळं प्रवाळ आलं आणि लांबलचक पांढऱ्या मिशांची एक तांबडी कोलंबी आली. प्रभाकर दिवे पहाटेसारखे हळूहळू चढवत आणि संध्याकाळी तसेच उतरवत. उत्तराबाई मात्र टाकीकडे पाठ करून भाजी निवडत.

अशात खडवलीला राहणाऱ्या त्यांच्या थोरल्या बहिणीचं, ताईंचं, खुब्याचं हाड मोडलं आणि प्रभाकरांना पंधरवडाभर तिकडे जाऊन राहायची वेळ आली. निघताना त्यांनी उत्तराला चार-चारदा समजावलं. टाकीतलं पाणी उडून जातं, मीठ मागेच राहतं. म्हणून रोज सकाळी काचेवरच्या खुणेपर्यंत साधं, गाळून शुद्ध केलेलं पाणी घालायचं. ते त्या पांढऱ्या प्लास्टिकच्या कॅनमध्ये भरून ठेवलंय.

"कळलं हो. तुमचा प्रयोग नाही बंद पडू देणार मी."

सुरुवातीचे फोन तुटक होते. पाणी घातलं, मासे आहेत, ताईंना जपा. मग एका सकाळी फोन उचलताच उत्तराबाई सुरूच झाल्या. "अहो, ती तुमची कोलंबी त्या केशरी माशाच्या अंगावर चढून मालिश करते! आणि तो मेला तोंड उघडून स्वस्थ उभा!"

"मालिश नाही गं, ती त्याच्या अंगावरची घाण खाते."

"असू दे. मी तिला मालिशवालीच म्हणते. सकाळचा चहा मी आता हिच्यासमोरच घेते. संध्याकाळचा उजेडसुद्धा छान उतरतो हो."

प्रभाकरांनी फोन ठेवला आणि ताईंच्या अंगणात उगीचच दोन फेऱ्या मारल्या. "काय रे, लॉटरी लागली का?" खाटेवरून ताईंनी विचारलं. "त्याहून मोठं," ते म्हणाले.

परत आले ते दारातच थबकले. बटणांसारखी प्रवाळं मिटली होती. जांभळं मऊ प्रवाळ सुकल्या वांग्यासारखं आक्रसलं होतं. मालिशवाली दगडाच्या कपारीत निपचित बसली होती.

"दोन-चार दिवस झाले, रुसल्यासारखीच आहेत सगळी," उत्तराबाई काळजीने म्हणाल्या. "तुमची आठवण आली असेल."

प्रभाकरांनी मीठ तपासलं, उष्णता तपासली, पाण्याच्या नेहमीच्या चाचण्या केल्या. काही बिघाड नव्हता. कॅनमधलं पाणीही हवं तेवढंच उतरलं होतं. त्यांनी प्रितमला फोन लावला.

"काका, पाण्यात तांबं गेलंय का बघा. एखादी वायर, क्लिप, नाणं? मासे सहन करतात, पण कोलंबीला आणि कोरलला तांबं म्हणजे विष."

त्यांनी वायरी चाचपल्या, पंप उघडला, दगडांमागे विजेरी मारली. काही सापडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते झोपायच्या खोलीतून बाहेर येत होते आणि पडद्याआडच थांबले. न्हाऊन आलेल्या उत्तराबाई टाकीपुढे उभ्या होत्या. हातात चिंचेने घासून लखलखीत केलेली तांब्याची कळशी. डाव्या हाताचा पंजा धारेखाली धरून, प्रवाळांना धक्का लागू नये म्हणून थेंब थेंब पाणी त्या आत सोडत होत्या. ओठ पुटपुटत होते. कळशी रिकामी झाल्यावर त्यांनी कॅनमधलं तेवढंच पाणी काढलं आणि गॅलरीतल्या जास्वंदीला घातलं.

प्रभाकरांना सगळं उलगडलं. या घरात शिळं पाणी कधी कुणाला दिलं गेलं नव्हतं. पाहुण्याला नाही, मोलकरणीला नाही. प्लास्टिकमध्ये कितीतरी दिवस साठलेलं पाणी उत्तरा जिवंत प्राण्यांना कशी देणार? घरातलं सगळ्यात शुद्ध पाणी म्हणजे रात्री तांब्याच्या कळशीत भरून ठेवलेलं. देवाला तेच, घरच्यांना तेच. तेच तिने मालिशवालीला दिलं होतं, आणि कॅनमधलं शिळं पाणी वाया नको म्हणून जास्वंदीला.

इतक्या वर्षांनी ती समोर येऊन बसली होती. आता तूच हे केलंस म्हणून सांगितलं, तर ती पुन्हा या बाजूला फिरकेल का? त्यांनी ठरवलं, सांगायचंच नाही. गुपचूप निस्तरायचं.

"उद्यापासून पाणी मीच घालत जाईन," चहा घेताना ते सहज बोलल्यासारखं बोलले. "तुला कशाला त्रास?"

उत्तराबाईंनी कप खाली ठेवला. "त्रास आहे असं मी म्हटलं का?"

"तसं नाही गं…"

"तसंच आहे. तुम्ही आलात, माझं काम संपलं." कप उचलून त्या स्वयंपाकघरात गेल्या. दुसऱ्या दिवशीचा सकाळचा चहाही त्यांनी ओट्याशी उभं राहूनच घेतला.

त्याच सकाळी मालिशवाली वाळूवर आडवी पडलेली दिसली.

प्रभाकरांनी हाक मारली नव्हती, तरी उत्तराबाई आल्या. वाकून, बाजारात बघतात तशी बारीक नजर लावून त्यांनी पाहिलं. "काल संध्याकाळीच तिच्या मिशा पडल्या होत्या." मग सरळ झाल्या आणि नवऱ्याच्या डोळ्यांत बघत म्हणाल्या, "माझ्या हातून काही झालंय का हो?"

उत्तर तयार होतं. तिचं वय झालं असेल. ओठांपर्यंत आलेलं ते वाक्य प्रभाकरांनी गिळलं.

"तांब्याच्या कळशीतलं पाणी, उत्तरा. त्यांना तांबं सोसत नाही."

"तांबं?" त्यांचा विश्वासच बसेना. "अहो, आपण जन्मभर तेच पितो!"

"आपल्याला सोसतं. तिला नाही सोसलं."

उत्तराबाई खुर्चीच्या कडेवर बसल्या. त्यांनी विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

"काल सकाळी. तू ओतत होतीस तेव्हा."

"म्हणजे काल मी ओतत होते आणि तुम्ही बघत उभे होतात? आणि दिवसभर गप्प?" त्यांचा आवाज चढला. "काल बोलला असतात तर कालच पाणी बदललं असतं. जगली असती कदाचित."

"कदाचित," प्रभाकर खाली मान घालून म्हणाले. "तुला वाईट वाटेल म्हणून…"

"मी काय तुमची नटी आहे, वाक्य विसरले म्हणून उजेड दुसरीकडे न्यायला? मी चुकले तर माझ्यावर उजेड टाका ना! मला दिसू दे काय चुकलं ते. मला वाटलं, माझा हात लागलेला तुम्हाला चालत नाही."

प्रभाकरांना एवढं बोलणं कुठल्या दिग्दर्शकाने कधी सुनावलं नव्हतं.

उत्तराबाईंनी पदराने डोळे कोरडे केले आणि उठल्या. "चला, चप्पल घाला. डोंबिवलीला जायचंय."

दुकानात त्यांनी नवऱ्याला तोंडही उघडू दिलं नाही. कळशी, चिंच, जास्वंद, सगळं स्वतःच सांगितलं. प्रितमने कपाळाला हात लावला आणि हसू दाबलं. "काकू, असा प्रॉब्लेम पहिल्यांदाच ऐकतोय! ही पांढरी गादी फिल्टरमध्ये ठेवा. तांबं ओढून घेतलं की निळी पडते. आणि पाणी बदला, थोडं थोडं."

"आणि नवी कोलंबी?"

"आत्ता नाय. गादी पांढरीच राहायला लागली की मग."

पहिली गादी सकाळपर्यंत निळी झाली. उत्तराबाईंनी ती चिमटीत धरून उजेडात पाहिली आणि बादलीत मीठ ढवळायला बसल्या. "मिठाचा अंदाज मला नका शिकवू," त्यांनी दम दिला. "अंदाज नाही, मोजून," प्रभाकरांनीही लगेच बजावलं, आणि उत्तराबाईंनी निमूटपणे मोजून घातलं. जांभळं प्रवाळ वाचलं नाही. ते सडायला लागलं तेव्हा दोघांनी मिळून ते बाहेर काढलं. दुसरी गादी फिकट निळी झाली. तिसरी बरेच दिवस पांढरीच राहिली, आणि एका सकाळी दगडाच्या टोकावरचं एकच हिरवं बटण अर्धं उघडलेलं दिसलं.

उत्तराबाईंनी पिठाच्याच हाताने फोन उचलला. "प्रितम, टिपणीसकाकू बोलतेय. गादी पांढरी आहे. नाही, यांना नाही देत, माझ्याशीच बोल. कोलंबी मी येऊन निवडणार, तू परस्पर पाठवायची नाहीस. काय? पाणी?" त्यांनी टाकीशी बसलेल्या नवऱ्याकडे एक कटाक्ष टाकला. "पाणी मीच घालते रोज. हो रे बाबा, कॅनमधलं!"

प्रभाकर उठले आणि दोघांसाठी चहा टाकायला आत गेले.