नवरदेवाचं रुईशी लग्न

आधीच्या दोन बायका वारलेला नवरा, आणि माझी तिशी उलटलेली. म्हणून राजुरीच्या आमच्या घरात हे स्थळ म्हणजे देवाची कृपाच ठरली. तिसरं लग्न लाभत नाही म्हणे. मग आधी नवरदेवाचं लग्न रुईच्या झाडाशी लावायचं आणि लगेच ती रुई तोडायची. जे काय वाईट व्हायचं ते तिचं व्हायचं, आणि चौथी म्हणून मी सुखरूप. आणि हे सगळं मोबाइलवर शूटिंग करत चाललेलं, बरं का!

लग्न त्यांच्या दारात, लोणीला होतं. सकाळी रस्त्यालगतच्या बांधावर रुईला पिवळं लुगडं गुंडाळलं, काळी पोत बांधली, अक्षता टाकल्या. नवरीनं हे बघायचं नसतं. मी गेलेच. शेजारी त्याची चुलती उभी होती, तिला विचारलं, "आधीच्या दोघी कशानं गेल्या?"

"पहिली तापानं. दुसरी बाळंतपणात. रगत थांबंना. पिकअप दारात व्हती, पण कांदा भरल्याला, बाजार गाठायचा व्हता. दुसरी गाडी येस्तवर संपली." मग डोळ्याला पदर लावून म्हणाली, "पत्रिकाच तसली, पोरी."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कांदा काय बांधावर ओतता येत नव्हता?

तेवढ्यात नवरदेवानं रुईवर कोयता घातला. पांढरा चीक उडाला तो थेट त्याच्या डोळ्यात. "आई गं" करत तो खालीच बसला. एकच पळापळ झाली.

"पानी आना!"

"आरं, डोळा जाईल राव! गाडी काढा!"

पिकअपमध्ये मांडवाच्या खुर्च्या होत्या, पातेली होती, तांदळाची पोती होती. चौघांनी बघता बघता सगळं खाली फेकलं. एक पोतं फुटून तांदूळ रस्ताभर झाला, कुणी वळूनही पाहिलं नाही. गाडी आळेफाट्याच्या दवाखान्याकडे सुटली.

मी मुंडावळ्या सोडल्या आणि भावाला म्हटलं, "चल घरी."

"हळद लागलीय ताई. लोक काय म्हनतील?"

"एका बाईला कांद्यापायी मरू दिलं यांनी, आन् दोष पत्रिकेला. मी न्हाई नांदायची हितं."

अपशकुन झाला म्हणून पोरगी घाबरून पळाली, असं गावात अजून म्हणतात. सांगून सांगून माझं तोंड दुखलं.

त्याचा डोळा वाचल्याचं नंतर कळलं. डॉक्टर म्हणाले म्हणे, वेळेवर आणलं.