मोगरीला गुंडाळलेलं कापड
शेजारी सुतारकाम निघालं की सागाच्या भुशाचा वास येतो आणि छाणी गावातल्या घरातली ती दुपार आठवते. माझ्या होणाऱ्या बाळासाठी बाबा पाळणा करत होते. पटाशीने खाचा कोरून, त्यांत दांड्यांच्या टोकांची कुसं घट्ट बसवून त्यांनी तो नुसता जोडून ठेवला होता. "सरस बारशाच्या आधी लावू," म्हणाले होते. दवाखान्यातून मी रिकाम्या हातांनी परतले आणि आतल्या खोलीत पडून राहिले. पडवीतून दबके ठोके येऊ लागले. मला ऐकू जाऊ नये म्हणून लाकडी मोगरीला कापड गुंडाळून बाबा एकेक सांधा सोडवत होते. कुंपणापलीकडून गुजराती शेजारणीने पाळण्याचं विचारलं, "काका, घोडियुं तैयार?" ठोके थांबले. "ना बेन, लाकडुं काचुं नीकळ्युं," बाबा म्हणाले. आजही शेजारचे मोकळे ठोके मला दिवसभर चालतात. ते मध्येच दबके झाले, की मी खिडकी लावून घेते.