भरलेला ड्रम

आमच्या गल्लीत पाणी आठ दिवसांनी यायचं, तेही वेळ न सांगता. हंडा मोर्चा काढायचा ठरलं तेव्हा मी आधी विचारलं, निवडणूक जवळ आली का? माझा स्वभावच तसा. तरी गेले, कारण घरात सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या आणि ड्रमच्या तळाशी दोन तांबे पाणी.

पुंडलिकनगरातून आम्ही वीसेक बायका रिकामे हंडे वाजवत पाण्याच्या ऑफिसवर गेलो. बहुतेकींच्या घरांना कुलपं होती. थोड्याच वेळात माझाच आवाज सगळ्यांत मोठा झाला, याचं मला नवल वाटलं. साहेब काही खाली येईनात. आम्ही फाटकातच बसकण मारली.

तेवढ्यात फोन वाजला. आमच्या समोरच्या घरातल्या बाईचा होता. तिचा नवरा याच ऑफिसात कामाला, म्हणून ती मोर्चाला आली नव्हती.

"वहिनी, लवकर या, पाणी आलंय!"

"पाणी आलं?" मी ओरडले, तशा बायका हंडे उचलायला लागल्या. माझ्या डोक्यात तिडीक गेली. नेमकं आत्ताच? आम्ही उठलो की मोर्चा मोडला, साहेब सुटले. मी फोन बंद केला आणि वाट अडवून उभी राहिले.

"कुणी हलायचं नाय! माझ्या समोरचीचा फोन हाय, तिच्या नवऱ्यानंच करायला लावला असंल. लबाडी हाय सगळी."

सगळ्या परत खाली बसल्या. माझं ऐकलं म्हणून मला फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू?

दुपारी निवेदन देऊन परतलो, तर गल्ली ओली आणि नळ कोरडे. पाणी येऊन गेलं होतं.

माझं दार सासूबाईंसाठी नुसतं लोटलेलं होतं. आत ड्रम काठोकाठ भरलेला. सासूबाई म्हणाल्या, "समोरचीनं भरला गं. एकटी लई पळाली बिचारी. तुला फोन लागंना म्हणली."

लाज वाटून मी दोन हंडे भरले आणि शेजारी द्यायला गेले. शेजारीण बाहेर आली आणि माझ्या उघड्या दारातून तिनं भरलेला ड्रम पाहिला.

"ऱ्हाऊ द्या वहिनी," ती म्हणाली. "आम्हाला बसवून ठिवलं, अन् स्वतःचं बरं भरून घेतलं."

मी खरं ते सगळं सांगितलं. तिनं दार लावून घेतलं.

पुढच्या मोर्चालाही मी गेले. निघताना शेजारणीनं सगळ्यांसमोर विचारलं, "आज कुणाला ठिवलंय पाणी भरायला?"

मला राग आला नाही. तिच्या जागी मी असते तर हेच विचारलं असतं, आणि उत्तरावर विश्वास ठेवला नसता.