पिशवीसकट झाडं

मी आज जो काही आहे तो माझ्या मोठ्या वहिनीमुळे. तेल्हाऱ्यात लोकांचे ब्लाउज शिवून तिने मला अकोल्याला कृषी पदवीपर्यंत पोचवलं. त्याआधी आमच्या घरात दहावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. अमरावतीच्या एका कंपनीत लागलो तेव्हा तिने गल्लीभर पेढे वाटले. उघड्या कोळसा खाणींनी नासलेली जमीन पुन्हा पिकती करणं हे त्या कंपनीचं काम. निदान पाटीवर तसं लिहिलं होतं. नोकरी कच्ची होती. पक्की करणं साहेबांच्या हातात.

वणीकडच्या खाणीवर मला पाठवलं. खोदण्याआधी वरची काळी माती काढून वेगळी रचतात आणि खड्डा दगड-मुरमाने भरला की ती परत वर पसरतात. तिच्याशिवाय तिथे कुसळही उगवत नाही. साहेबांना एवढा वेळ कुठला? पाहणीला वरिष्ठ येणार होते. साहेबांनी ट्रकभर रोपं मागवली आणि फर्मावलं, "पिशवीसकट गाडा. पाहणी झाली की दुसऱ्या खाणीवर न्यायची आहेत."

"पण साहेब, मुळं?"

"तुले मुळं कोण दाखवाले सांगते बे? वरून हिरवं दिसलं पायजे."

वरिष्ठ आले. पांढरे बूट, गॉगल, मागे छत्री धरणारा. साहेब म्हणाले, "हा आमचा कृषी पदवीधर. सांग रे."

मी एक रोप उपटलं आणि प्लास्टिकच्या पिशवीसकट वरिष्ठांच्या हातात दिलं. "सगळी अशीच आहेत सर. माती तिकडे ढिगात पडलीय."

त्यांना वाटलं, वृक्षारोपण आपल्याच हस्ते आहे. "फोटोवाला कुठाय?" म्हणत त्यांनी रोप पिशवीसकट परत खड्ड्यात ठेवलं, झारीने पाणी घातलं. टाळ्या वाजल्या. असल्या माणसांना लबाड म्हणवत नाही. लबाडीला थोडी तरी अक्कल लागते.

संध्याकाळी मला काढून टाकलं. वहिनीला फोन करायची हिंमत झाली नाही. पत्र लिहिलं:

"वयनी, नमस्कार. माही नोकरी गेली. चोरी नाई केली, कामात कसूर नाई केली. मेलेल्या जमिनीवर पिशवीतली झाडं उभी करून राहिले होते, थे साऱ्याइच्या समोर सांगतलं. तुमाले वाईट वाटंल, मले मालूम हाय. पण चूप राह्यलो असतो तं तुमच्यासमोर जेवाले बसवलं नसतं. ज्या गावाची जमीन हाय, तिथल्या लोकायले उद्या मातीचा ढीग दाखवतो, मंग घरी येतो. गल्लीत कोणी इचारलं तं लपवू नका."